रुमाल टाकलेली जागा

आमच्या व्याह्यांइतका शिस्तीचा माणूस एकतर जन्मालाच येत नसावा, किंवा आलाच तर एसटीत ड्रायव्हर होत असावा. चौतीस वर्षं त्यांनी इगतपुरी, पेठ, त्र्यंबक, कसारा अशा गाड्या हाकल्या, निम्मा जिल्हा इकडचा तिकडे केला, आणि एवढ्या काळात एकच धर्म पाळला : एक बेल थांबा, डबल बेल चला, आणि डबल बेल झाली की मागे बघायचं नाही. मागे बघायचं काम कंडक्टरचं. हा धर्म त्यांनी गाडीपुरता ठेवला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण माझ्या मुलीचं त्यांच्या मुलाशी लग्न लागलं त्या दिवशी पाठवणीची वेळ झाली, बँडवाल्यांनी जीव तोडून वाजवलं, बायकांनी डोळे पुसून पुसून पदर ओले केले, नवरा-नवरी मागच्या सीटवर बसली, आणि हे वरपिता स्टेअरिंगवर हात ठेवून नुसते समोर बघत बसले. कुणाला काही कळेना. शेवटी माझ्या बायकोच्या लक्षात आलं. तिनं रडता रडताच अंगठीनं मागच्या काचेवर टकटक केलं, बरोबर दोनदा, तेव्हा कुठे आमची मुलगी सासरी गेली. "आमच्या विहीणबाई लय हुशार हायेत," असं ते पुढे आपल्या गावात, घोटीभर सांगत होते. माझ्याबद्दल असं त्यांनी कधी कुठे सांगितल्याचं ऐकिवात नाही.

मी नाशिक रोडला एका शाळेत छत्तीस वर्षं भूगोल शिकवला. त्यामुळे ते मला सर म्हणतात, आणि मी हुशार नाही हे त्यांनी मोठ्या मनानं पदरात घेतलंय. आमच्याकडे आले की दारातच सांगतात, "दहा मिनिटं थांबू." दहा म्हणजे दहा. एकदा बशीत पोहे तसेच ठेवून उठले होते, आणि पोहे करणाऱ्या माझ्या बायकोनं ते पुडीत बांधून जिन्यात गाठून दिले होते. दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत ते बसत नसत. बसावंच लागलं तर पायाखाली नसलेला ब्रेक सारखा दाबायचे. आमच्या सोफ्यावर बसून टीव्हीवर एखादी मोटार वळताना दिसली तरी त्यांचा उजवा पाय टाइलवर घट्ट रोवलेला असायचा. आणि हॉर्न! घाटात वळणावळणाला हॉर्न द्यायची इतकी सवय, की आमच्या सोसायटीच्या जिन्यात वळताना ते खाकरायचे. दुसऱ्या मजल्यावर खाकरणं ऐकू आलं की माझी बायको चहाचं आधण ठेवायची.

विहीणबाईंचं मात्र वेगळंच होतं. या माउलीनं चौतीस वर्षं नवऱ्याला जेवण दिलं ते घोटीच्या स्टँडवर. गाडी यायची, दोन मिनिटं थांबायची, त्या ड्रायव्हरच्या खिडकीतून डबा वर द्यायच्या, रिकामा खाली घ्यायच्या, तेवढ्यात डबल बेल. गाडी चालली, की मागे बघायचं नाही. त्या फलाटाच्या टोकापर्यंत उभ्या. सुट्टीच्या दिवशी कुठे जाऊ या म्हटलं तर हे म्हणणार, "सुट्टीत परत गाडीत कोण बसंल?" आणि तोंडावर पांघरूण. "सगळ्या तालुक्याला फिरवलं यांनी," विहीणबाई एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "मी तेवढी फलाटावर ऱ्हायले." हसत म्हणाल्या होत्या, पण माझी बायको हसली नाही.

त्या दोघींचं फार गूळपीठ. रोज संध्याकाळी एकीनं नाशिक रोडहून आणि एकीनं घोटीहून अर्धा अर्धा तास फोनवर बोलायचं. आमची मुलगी तोवर नवऱ्याबरोबर अमेरिकेत गेली होती, अॅरिझोनात, फिनिक्सला. तिनं कधीतरी सांगितलं की इथे घरासारखी गाडी भाड्यानं मिळते, आत झोपायला पलंग, शेगडी, फ्रीज, संडास, सगळं. लोक आठ-आठ दिवस वाळवंटात हिंडतात. झालं! दोघींनी बेत करून टाकला. माझ्या बायकोला वाळवंट बघायचं होतं. "छत्तीस वर्षं पोरांना वाळवंट शिकवलंत, मला एकदा तरी दाखवा," हे ती मला दर सुट्टीत म्हणायची, आणि मी दर सुट्टीत म्हणायचो, निवृत्त झालो की जाऊ. विहीणबाईंना वाळवंटाचं काही नव्हतं. "मला कुठं जायचं नाय हो ताई," त्या म्हणाल्या, "मला नुसतं त्यांच्या शेजारी बसायचंय. पुढच्या शीटवर. वेळेत पोचायचं नसंल अशा गाडीत." एवढंच त्या बाईला आयुष्याकडून हवं होतं. आणि तेच मिळत नव्हतं.

मी निवृत्त झालो. तिकिटांचं बघायला घेतलं, आणि माझी बायको गेली. तीन आठवड्यांचं दुखणं. मी तिकिटं, पासपोर्ट, सगळं कपाटात टाकलं आणि कपाट लावून घेतलं. चार महिन्यांनी विहीणबाईंचा फोन आला, संध्याकाळच्या त्याच वेळेला. म्हणाल्या, "ताईंनी ठरवलेलं हाय. मोडायचं नाय. तुम्ही यायचं." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि काय सांगू, रडूच आलं. त्यांनी ते संपेपर्यंत फोन ठेवला नाही.

तर अशी ती घरगाडी आम्ही तिघांनी ताब्यात घेतली. व्याह्यांनी परदेशी चालवायचा परवाना इकडूनच काढून नेला होता, आणि त्यांच्या मुलानं, म्हणजे आमच्या जावयांनी, दोन शनिवार रिकाम्या मैदानात बापाची कसून परीक्षा घेतली होती. जावयांना आणि माझ्या मुलीला रजा नव्हती. जाणार आम्ही तीन म्हातारेच. पहिल्या सकाळी व्याही रुबाबात उजव्या बाजूनं चढले, सीटवर बसले, आणि हात पुढे करून थबकले. "स्टेअरिंग काढून ठेवलं का काय?" तिथे स्टेअरिंग डावीकडे. खाली उतरले, गाडीला पूर्ण प्रदक्षिणा घालून पलीकडून चढले आणि असं काही घडलंच नाही असा चेहरा केला. गाडीला गिअर टाकावे लागत नाहीत याचा त्यांना मनापासून अपमान वाटला. "गाडीच सगळं करणार, तर मी काय वारा खायला बसू?" पुढच्या काचेत त्यांनी पुठ्ठ्याची पाटी लावली, मराठीत : 'फिनिक्स – फिनिक्स, मार्गे वाळवंट'.

एवढं होईपर्यंत विहीणबाईंनी आपलं काम उरकलं होतं. सामान चढायच्या आधी त्या पुढच्या उजव्या खिडकीपाशी गेल्या, टाचा उंचावल्या, आणि निळ्या काठाचा पांढरा रुमाल आत त्या सीटवर टाकला. ज्यानं जन्मात एकदा तरी एसटी पकडलीय त्याला याचा अर्थ सांगायला नको. रुमाल पडला, जागा धरली. मग त्या आमच्याकडे बघून इतक्या हसल्या, की मला वाटलं, चला, या बाईचं काम झालं. कसलं काम! व्याह्यांनी पिशवीतून नायलॉनची दोरी काढली. विहीणबाईंनी पूजेसाठी आणलेली देवाची घंटी तिच्या टोकाला बांधली, ती आपल्या डोक्याशी टांगली, आणि दोरी छताच्या कडेकडेनं पार मागच्या दारापर्यंत नेली. मग बायकोकडे बघून म्हणाले, "बेल कोण देणार?"

त्यात दुष्टपणा नव्हता हो. बेल झाल्याशिवाय त्यांच्या पायानं गाडी सुटतच नव्हती, त्याला ते काय करणार? पायात सुनेनं घेऊन दिलेले बूट, साडी थोडी वर खोचलेली, अशा विहीणबाई मागे जाऊन दाराशी उभ्या राहिल्या आणि दोरी ओढली. टिंग टिंग. मी मधल्या सोफ्यावर फुल तिकीट काढलेल्या उतारूसारखा बसलो होतो. त्या वेळी मी काही बोलायला हवं होतं. बोललो नाही.

वाळवंट मी प्रथमच बघत होतो, आणि मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी पोरांना पर्जन्यमान आणि तापमानकक्षा सांगत होतो, पण ते इतकं गप्प असतं, हे मी कुठल्याच वर्गात सांगितलं नव्हतं. तांबडी माती, वर स्वच्छ आभाळ, आणि रस्ता सरळ, संपतच नाही असा. व्याही त्या सरळपणानं हैराण. "वळणच नाय, तर हॉर्न कुठं द्यायचा? कसाऱ्यात माणूस जागा तरी ऱ्हातो." पुढे लालभडक सुळके आणि सपाट माथ्याचे डोंगर आले, जग बघायला येतं ते. मी भारावून उभाच राहिलो. व्याह्यांनी एक नजर टाकली. "मनमाडच्या बाजूला अशी शेंडी हाय की एक," म्हणाले, आणि मोठ्यानं घोषणा केली, "गाडी दहा मिनिटं थांबेल." उतारू आम्ही दोघं.

तिसऱ्या दिवशी फोटो नीट यावेत म्हणून मी पुढच्या सीटवर बसायला गेलो. रुमाल अजून तिथेच होता, धुळीनं मळलेला. "सर, तिथं रुमाल हाय," व्याही समोरची नजर न हलवता म्हणाले. म्हटलं, "अहो, पण रुमालवाली तर मागे उभी आहे!" "असू द्या. रुमाल हाय ना." म्हणजे तीन दिवस तो माणूस शेजारची रिकामी जागा बायकोसाठी इमानानं सांभाळत होता, आणि बायकोला मात्र बसू देत नव्हता. मी वळून पाहिलं. विहीणबाई एका हातानं दोरी धरून, मान तिरपी करून, आमच्या दोघांच्या खांद्यांमधल्या फटीतून समोरचा रस्ता बघत होत्या. मला माझी बायको आठवली. ती अशीच मला विचारून थांबायची. मी निवृत्तीनंतर म्हणायचो, आणि ती बरं म्हणायची. मी म्हणालो, "पुढच्या स्टॉपपासून बेल मी देणार. विहीणबाई पुढे बसतील."

व्याह्यांनी आरशातून मला पुरतं तपासलं. "माणसं मोजता येतात का?" मी म्हणालो, छत्तीस वर्षं हजेरी घेतलीय. "हजेरी येगळी. तिथं पोरं हजर म्हणून वरडत्यात. इथं कोण वरडत नाय." पण मला तात्पुरतं कामावर घेतलं.

स्टॉप आला तो एका उजाड जागचा पेट्रोल पंप. एक छपरी, एक बाक, आणि चहूकडे काही नाही. दहा मिनिटं झाली. मी मागच्या दाराशी ऐटीत उभा राहिलो. पुढच्या सीटवर विहीणबाई दिसेनात, पण संडासाचं दार बंद दिसलं. म्हटलं आत असतील, येतील पुढे. ओढली दोरी. टिंग टिंग. व्याह्यांनी शेजारी पाहिलं असणारच. सीट रिकामी, रुमालही नाही. बायकोचा विचार बदलला असेल असं त्यांना वाटलं. बेल झाल्यावर ड्रायव्हरनं शंका घ्यायची नसते. गाडी सुटली.

पुढे तासभर मी काय केलं, ते सांगायला नको, पण सांगतो. संडासाच्या बंद दाराशी उभा राहून मी विहीणबाईंना वारा आणि पाणी यांच्या झिजेनं सपाट माथ्याचे डोंगर कसे तयार होतात ते समजावून सांगत होतो. म्हटलं, बाईमाणूस, प्रवासात पोट बिघडलं असेल, तेवढाच जीव रमेल. आतून हूं का चूं नाही. पण वर्गातूनही कधी येत नसे, त्यामुळे मला वेगळं काही वाटलं नाही. शेवटी काळजी वाटून दार ठोठावलं, तर ते आपोआप उघडलं. आत कुणी नाही.

मी एक बेल दिली. गाडी जागच्या जागी थांबली. "कोण उतरतंय?" व्याह्यांनी विचारलं. "कुणी नाही," मी म्हणालो. "विहीणबाई... पंपावरच राहिल्या. बेल माझी चुकली."

मला वाटलं होतं, व्याही शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गाडी वळवली. चौतीस वर्षांत सुटलेली गाडी त्यांनी कधी मागे वळवली नव्हती. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "तिला इंग्रजी येत नाय." पुढे आणखी थोड्या वेळानं, "फोन गाडीतच हाय तिचा." आणि पंप लांबवर ठिपक्यासारखा दिसायला लागला तेव्हा, अगदी बारीक आवाजात, "पाणी असंल का हो तिच्यापाशी?"

विहीणबाई बाकावर बसल्या होत्या. शांत. सीटवर आता खरंच बसायचं म्हणून मळलेला रुमाल धुवायला त्या पंपामागच्या नळावर गेल्या होत्या, तेवढ्यात मी बेल दिली होती. तो धुतलेला रुमाल त्यांनी बाकावर शेजारी पसरून ठेवला होता. जवळच हॅटवाला एक धिप्पाड ट्रकवाला उन्हात उभा राहून पाण्याची बाटली पीत होता. दुसरी बाटली त्यानं विहीणबाईंना दिली होती. बाकावर जागा होती, पण तो बसला नव्हता. कसा बसेल? रुमाल होता.

व्याही धावत गेले. त्यांना धावताना मी पहिल्यांदाच बघितलं. समोर जाऊन उभे राहिले. विहीणबाईंनीच विचारलं, "मागं का नाय बघितलं?"

"बेल झाली होती."

"चौतीस वर्षं बेलच होतीय," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "फलाटावर उभं ऱ्हायची सवय हाय मला. मला काय नवीन नाय. पण वाटायचं, एकदा तरी बघतील." मग त्यांनी रुमाल उचलला, झटकला, आणि बाकावर हात ठेवला. "बसा. तुमच्यासाठीच जागा धरली होती."

व्याही बसले. त्या ट्रकवाल्यानं दोघांकडे पाहून हॅट काढली आणि निघून गेला. मी गाडीशी उभा राहून घड्याळ बघत होतो, निव्वळ सवयीनं. दहा मिनिटं झाली, वीस झाली, पाऊण तास झाला. ते दोघं त्या उघड्या माळावर समोरच्या रस्त्याकडे बघत बसले होते. मला त्यांचा हेवा वाटला. मनापासून, दुखेल असा हेवा वाटला. माझ्या शेजारी तिनं असंच बसायला हवं होतं, आणि मी तिला नुसत्या तारखा दिल्या होत्या.

मग व्याही उठले, गाडीत आले, घंटी सोडून देवांच्या पिशवीत ठेवली आणि दोरी गुंडाळली. विहीणबाई पुढे बसल्या. गाडी सुरू करून व्याही थांबले, शेजारी वळून म्हणाले, "चलायचं का?" त्या म्हणाल्या, "चला." पुढचे तीन दिवस गाडी अशीच सुटली. कुठे थांबलो, किती वेळ थांबलो, कुणी मोजलं नाही. एकदा तर आम्ही रस्त्याकडेला थांबून नुसत्या शेंगा खाल्ल्या.

शेवटच्या संध्याकाळी गाडी एका उंचवट्यावर लावली. खाली तांबडं वाळवंट उतरत्या उन्हात पसरलेलं. गाडीत घडीच्या खुर्च्या होत्या. व्याह्यांनी एक मांडली, दुसरी मांडली, तिसरी मांडली. मग चौथी आणून माझ्या शेजारी ठेवली. मी म्हणालो, आपण तिघंच आहोत. ड्रायव्हर कॉलरमध्ये खोचतात तसा व्याह्यांच्या मानेशी नेहमी एक नॅपकिन असतो. तो त्यांनी काढला, गुडघ्यावर नीट चौकोनी घडी केली आणि त्या चौथ्या खुर्चीवर ठेवला.

"आमच्या विहीणबाईंची जागा हाय," ते मला म्हणाले. "वाळवंट बघायचं होतं ना त्यांना."

विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सूर्य पूर्ण बुडेपर्यंत आम्ही चौघं तिथे बसलो.

याला दोन वर्षं झाली. परत आल्यावर सहा महिन्यांतच व्याह्यांच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. त्यांनी परवाना देवापाशी नेऊन ठेवला. आता महिन्यातून एकदा दोघं घोटीहून एसटीनं डोळे दाखवायला नाशिकला येतात आणि माझ्याकडे उतरतात. जिन्यात वळणाला खाकरणं ऐकू येतं, आणि मी आधण ठेवतो. व्याही हल्ली दहा मिनिटांत उठत नाहीत. "तो रस्ता आठवतो का हो सर?" असं विचारतात, आणि मी आठवतो म्हणतो. मग हळूच म्हणतात, "वळणच नव्हतं एक बी."

परवा त्यांना पोचवायला नाशिकच्या महामार्ग स्टँडवर गेलो होतो. गर्दी होती. व्याह्यांनी खिडकीतून रुमाल टाकला, तोच निळ्या काठाचा. विहीणबाई खिडकीशी बसल्या, हे त्यांच्या शेजारी. पाय मात्र सवयीनं समोरच्या पत्र्यावर रोवलेला. मी खाली फलाटावर उभा. घरी जाऊन काय करायचं हा प्रश्न मला अशा वेळी नेहमी पडतो. कंडक्टरनं दार ओढलं आणि डबल बेल दिली. गाडी हलली.

आणि आमच्या व्याह्यांनी विहीणबाईंच्या पुढून वाकून खिडकीबाहेर डोकं काढलं आणि मागे पाहिलं. कडेचं त्यांना दिसत नाही, म्हणून मान पुरती वळवून पाहिलं. हात हलवला. गाडी स्टँडच्या बाहेर पडून वळेपर्यंत ते माझ्याकडे बघत होते, आणि मी फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेलो.